उघडणे, लिहिणे, मिटणे : संगणकभाषांतील फाईल-व्यवहाराचा इतिहास

फाईल उघडायची, तिच्यातले वाचायचे, तिच्यात लिहायचे आणि काम झाले की ती मिटायची, ही चार क्रियापदे जवळपास प्रत्येक संगणकभाषेत असतात. बहुतेक आधुनिक भाषांत ती व्याकरणाचा भाग नाहीत. भाषेबरोबर मिळणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीत ती राहतात. एका बाजूला डिस्क आणि ऑपरेटिंग सिस्टिम, दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅमर आणि मध्ये ही लायब्ररी, अशी मांडणी आहे. ‘लिहिले’ म्हणजे नेमके काय झाले, त्याच नावाची फाईल आधीच असेल तर ती पुसायची की राखायची, ‘फाईल नाही’ आणि ‘फाईल आहे, पण परवानगी नाही’ यांतला फरक कसा कळवायचा, हे लायब्ररी ठरवते. ही उत्तरे एका बैठकीत ठरलेली नाहीत. सुमारे सत्तर वर्षांत, बहुतेक वेळा कोणाचे तरी नुकसान झाल्यावर, ती एकेक करून ठरत गेली.

कार्डे, फिती आणि नोंदी

१९५० च्या दशकात फाईल म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा किंवा चुंबकीय फितीचे रीळ. आयबीएमने १९५६ मध्ये रॅमॅक यंत्राबरोबर डिस्क आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर मिळून तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. त्या काळातल्या भाषांनी या यंत्रांचीच रचना उचलली. १९५७ च्या फोरट्रानमध्ये फाईलला नाव नव्हते, क्रमांक होता. पुढे अनेक ठिकाणी ५ म्हणजे कार्डवाचक आणि ६ म्हणजे छपाईयंत्र असा प्रघात पडला. कोणता क्रमांक कोणत्या साधनाला जोडायचा हे प्रोग्रॅमच्या बाहेर ठरे. फाईल उघडण्याचे आणि मिटण्याचे प्रमाणित विधान या भाषेला फोरट्रान ७७ मध्ये मिळाले.

कोबॉल ही कार्यालयीन हिशेबांसाठी घडवलेली भाषा असल्याने तिने फाईलला मध्यभागी ठेवले. फाईलमधली नोंद कशी आहे, कोणता रकाना किती अक्षरांचा आहे, हे प्रोग्रॅममध्येच लिहावे लागे. वाचण्याच्या आज्ञेतच ‘नोंदी संपल्या तर काय करायचे’ हे सांगण्याची जागा होती. शेवट हा वाचनाचाच एक नेहमीचा परिणाम आहे, ही जाण कोबॉलने सुरुवातीलाच दाखवली. याउलट अल्गोल ६० च्या अहवालाने वाचन-लेखनाचा विषय पूर्णपणे वगळला. परिणामी प्रत्येक यंत्रावरच्या अल्गोलने आपापली क्रियापदे बनवली आणि एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेणे अवघड झाले. वाचन-लेखन भाषेबाहेर ठेवता येईल, पण ते कोठेतरी प्रमाणित करावेच लागते, हा त्यातून मिळालेला धडा होता.

बाइटांची सलग ओळ

एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या मल्टिक्स प्रकल्पात फाईलींची झाडासारखी, एकात एक डिरेक्टरी असणारी रचना मांडली गेली. डेली आणि न्यूमन यांचा त्यावरचा निबंध १९६५ चा आहे. बेल लॅब्जने हा प्रकल्प सोडल्यावर १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. त्यांनी झाड ठेवले आणि नोंदी काढून टाकल्या. युनिक्समध्ये फाईल म्हणजे बाइटांची सलग ओळ. त्या बाइटांचा अर्थ काय, हे ऑपरेटिंग सिस्टिम विचारत नाही.

क्रियापदेही मोजकीच होती. ‘ओपन’ एक छोटा क्रमांक परत देते. ‘रीड’, ‘राइट’ आणि ‘क्लोज’ तो क्रमांक घेऊन काम करतात. टर्मिनल, फीत आणि डिस्कवरची फाईल या सगळ्यांना हीच क्रियापदे लागू पडतात. ०, १ आणि २ हे क्रमांक अनुक्रमे येणारा मजकूर, जाणारा मजकूर आणि चुकांचे संदेश यांच्यासाठी राखले गेले. १९७३ च्या सुमारास आलेल्या पाइपमुळे एका प्रोग्रॅमचे लिखाण थेट दुसऱ्याचे वाचन होऊ लागले.

या साधेपणाची एक बाजू प्रोग्रॅमरला सांभाळावी लागे. ‘रीड’कडे ४,०९६ बाइट मागितले आणि ३०० मिळाले, तर ती चूक नसते, तेवढेच सध्या हाताशी होते असा त्याचा अर्थ. ‘राइट’ही दिलेल्यापैकी थोडेच बाइट लिहून परत येऊ शकते. परत आलेला आकडा न पाहणाऱ्या प्रोग्रॅमची फाईल अर्धवट राहते आणि कोणाला कळतही नाही. पुढच्या काळातल्या लायब्ऱ्यांनी ‘सगळे लिहून होईपर्यंत परत येऊ नकोस’ अशी वेगळी क्रियापदे दिली, ती यामुळेच.

कच्ची वही, पक्की वही

प्रत्येक अक्षरासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारणे महाग पडते. बेल लॅब्जमधल्या माइक लेस्क यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात सी भाषेसाठी कोणत्याही यंत्रावर चालेल असा वाचन-लेखनाचा संच लिहिला. तो सुधारून १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘स्टँडर्ड आयओ’ म्हणून आला. पुढच्या बहुतेक भाषांच्या फाईल-व्यवहाराचा हा पूर्वज.

त्याचे मर्म बफरमध्ये आहे. दुकानदार दिवसभराचे व्यवहार कच्च्या वहीत टिपतो आणि संध्याकाळी पक्क्या वहीत उतरवतो, तशी लायब्ररी अक्षरे आधी स्मृतीतल्या बफरमध्ये जमवते आणि तो भरला की एकदम ऑपरेटिंग सिस्टिमकडे देते. वेग कित्येक पटींनी वाढतो. मात्र ‘लिहिले’ या शब्दाचा अर्थ बदलतो. लिहिण्याचे क्रियापद यशस्वी झाले तरी मजकूर अजून कच्च्या वहीत असू शकतो. डिस्क भरली असेल तर ते फाईल मिटताना कळते, कारण शेवटचा बफर तेव्हा पुढे जातो. नेटवर्कवरच्या फाईल सिस्टिममध्ये तर चूक ‘क्लोज’च्या वेळीच कळणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे मिटणे हीसुद्धा अपयशी ठरू शकणारी क्रिया आहे. सीच्या लायब्ररीने हे परतीच्या मूल्यातून कळवले; ते पाहणारे थोडेच होते.

ओळ कुठे संपते?

टेलिटाइप यंत्राला नवी ओळ सुरू करायला दोन खुणा लागत : मुद्रणशीर्ष डावीकडे नेण्याची आणि कागद वर सरकवण्याची. मल्टिक्स आणि युनिक्स यांनी फाईलमध्ये दुसरीच ठेवली. सीपी/एम आणि त्यामागून १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसने दोन्ही ठेवल्या. जुन्या मॅकिंटॉशने फक्त पहिली ठेवली. सीपी/एममध्ये आणखी एक अडचण होती. फाईलची लांबी १२८ बाइटांच्या पटीतच नोंदली जाई. त्यामुळे मजकूर खरा कुठे संपतो हे दाखवायला कंट्रोल-झेड ही खूण घालावी लागे.

१९८९ च्या अमेरिकी सी-प्रमाणकाने हे मतभेद एका तडजोडीत बांधले. फाईल ‘मजकूर’ म्हणून उघडली तर ओळीच्या खुणांचे रूपांतर होईल, ‘बायनरी’ म्हणून उघडली तर बाइट जसेच्या तसे येतील. युनिक्सवर दोन्हींत फरक नव्हता, त्यामुळे तिथे लिहिलेले प्रोग्रॅम बायनरीची खूण गाळत. तेच प्रोग्रॅम विंडोजवर गेले की चित्राच्या फाईलमध्ये जादा बाइट घुसत, किंवा मध्येच २६ या मूल्याचा बाइट भेटला की वाचन तिथेच थांबे. पायथन ३.० ने डिसेंबर २००८ मध्ये ही भेदरेषा प्रकारांतच आणली : बायनरी फाईल बाइट देते, मजकुराची फाईल अक्षरे देते आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. जुने प्रोग्रॅम बदलण्याचे मोठे ओझे त्यामुळे पडले, पण चूक लपून राहण्याऐवजी पहिल्याच चाचणीत समोर येऊ लागली.

चूक कळवायची कशी?

सीमध्ये अपयशाची खूण म्हणजे उणे एक किंवा रिकामा पॉइंटर. कारण एका सामाईक चलात ठेवले जाई. फाईल संपल्याची खूणही अशीच परतीच्या मूल्यात मिसळली होती. अक्षर वाचणारे क्रियापद अक्षरापेक्षा मोठा पूर्णांक परत देते, ते ‘संपले’ ही जादा खूण मावावी म्हणून. निकलाउस विर्थ यांच्या पास्कलमध्ये ‘फाईल संपली का’ हा प्रश्न वाचण्याआधी विचारायचा असतो. सीमध्ये त्याचे उत्तर वाचन फसल्यावरच खरे होते. पास्कलची सवय सीमध्ये नेणाऱ्या अनेकांच्या प्रोग्रॅममध्ये शेवटची ओळ दोनदा मोजली गेली.

सर्वांत महागात पडले ते ‘गेट्स’ हे क्रियापद. एक ओळ वाचून दिलेल्या जागेत ठेवणे हे त्याचे काम. जागा किती आहे हे मात्र त्याला सांगताच येत नसे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या मॉरिस वर्म या घुसखोर प्रोग्रॅमने आत शिरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक हीच होती. ५१२ बाइटांच्या जागेत त्याहून लांब ओळ ओतून त्याने दूरच्या यंत्राचा ताबा घेतला. ‘गेट्स’ सीच्या प्रमाणकातून काढले गेले ते २०११ मध्ये.

१९९६ मध्ये आलेल्या जावाने वाचन-लेखनातल्या चुकांसाठी एक्सेप्शन वापरले, ज्यांच्याकडे कंपायलर दुर्लक्ष करू देत नाही. पण त्याच लायब्ररीत फाईल पुसण्याचे आणि नाव बदलण्याचे क्रियापद फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगत असे. फाईल नव्हती, परवानगी नव्हती की डिरेक्टरी रिकामी नव्हती, हे कळायला मार्ग नव्हता. जुलै २०११ मधल्या जावा ७ ने नवा संच आणून प्रत्येक कारणाला स्वतंत्र एक्सेप्शन दिले. पायथन ३.३ ने २०१२ मध्ये हेच केले. त्यापूर्वी ‘फाईल सापडली नाही’ हे ओळखायला त्रुटीचा क्रमांक तपासावा लागे. गो भाषेने चूक हे दुसरे परतीचे मूल्य म्हणून समोर ठेवले. २०१५ मध्ये १.० आवृत्ती आलेल्या रस्टने यश आणि अपयश एकाच मूल्यात बांधले. ते उलगडल्याशिवाय आतली फाईल हाती लागत नाही. पद्धती वेगळ्या, दिशा एकच : चुकीकडे डोळेझाक करणे अधिकाधिक कठीण करायचे आणि तिचे कारण सांगायचे.

मिटण्याची जबाबदारी

उघडलेली फाईल मिटायची राहिली तर क्रमांक संपतात, बफरमधला मजकूर हरवतो आणि विंडोजवर ती फाईल दुसऱ्या कोणाला पुसता येत नाही. मध्येच चूक उद्भवली की मिटण्याची ओळ ओलांडली जाते, हे त्याचे नेहमीचे कारण. लिस्पवाल्यांनी यावर लवकर उपाय शोधला. १९८४ च्या कॉमन लिस्पमध्ये फाईल एका कक्षेपुरती उघडते आणि त्या कक्षेतून कसेही बाहेर पडले तरी ती मिटते. काम अर्धवट सोडून बाहेर पडल्यास अर्धी लिहिलेली नवी फाईल काढून टाकायची आणि जुनी राखायची, इतका बारीक विचार त्यात होता. आधीची फाईल असल्यास काय करायचे हेही तिथे स्पष्टपणे सांगता येई.

सी++ ने मिटण्याचे काम वस्तूच्या नाशाला जोडले. रुबीने ब्लॉकला, पायथनने २००६ च्या २.५ आवृत्तीपासून ‘विथ’ विधानाला आणि जावाने २०११ मध्ये ‘ट्राय’च्या नव्या रूपाला ते जोडले. गोमध्ये ‘डिफर’ लिहून मिटणे फंक्शनच्या शेवटावर सोपवता येते. यात एक उणीव राहिली आहे. आपोआप मिटताना आलेली चूक कोणाला सांगायची? रस्टमध्ये ती सोडून दिली जाते. गोमध्ये ‘डिफर’बरोबर ती बहुधा वाऱ्यावर जाते. म्हणून महत्त्वाचा मजकूर लिहिणाऱ्याने मिटण्यापूर्वी तो बफरमधून पुढे पाठवून उत्तर तपासावे, हाच आजचा शिष्टसंमत मार्ग आहे.

तपासणी आणि कृती यांमधली फट

‘फाईल आहे का’ विचारायचे आणि नसेल तर ती तयार करायची, हे घरगुती व्यवहारात शहाणपणाचे वाटते. संगणकावर त्या दोन पावलांमध्ये दुसरा प्रोग्रॅम घुसू शकतो. सर्वांना खुल्या असलेल्या तात्पुरत्या डिरेक्टरीत एखाद्याने नेमक्या त्या क्षणी त्याच नावाची लिंक ठेवली, तर लिखाण भलत्याच फाईलवर होते. तात्पुरत्या फाईलचे फक्त नाव सुचवणारी जुनी क्रियापदे यामुळे धोकादायक ठरली. पायथनने आपले असे क्रियापद २.३ आवृत्तीपासून वापरू नये असे जाहीर केले. तपासणी आणि निर्मिती एकाच अखंड पावलात व्हावी, हा त्यावरचा उपाय. ‘आधीची असेल तर उघडूच नकोस’ ही सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कितीतरी आधी होती. सीच्या प्रमाणकात ती २०११ मध्ये आणि पायथनमध्ये २०१२ मध्ये आली.

नाव बदलण्याची कथाही अशीच. १९८३ च्या ४.२ बीएसडीने ‘रीनेम’ ही अखंड क्रिया दिली : पाहणाऱ्याला जुनी फाईल दिसते किंवा नवी, मधली अवस्था कधीच नाही. युनिक्सवर ती आधीची फाईल बदलते, तर विंडोजच्या सी लायब्ररीत आधीची फाईल असली की अपयश येते. पायथनने दोन्हीकडे सारखे वागणारे ‘रिप्लेस’ वेगळे दिले, जावा ७ ने ‘अखंडपणे हलव’ हा पर्याय शब्दांत मागण्याची सोय केली. ही फट अजून पूर्ण बुजलेली नाही. सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या रस्टच्या लायब्ररीतही डिरेक्टरी आतल्या सगळ्यासह पुसणाऱ्या क्रियापदात अशीच त्रुटी निघाली आणि जानेवारी २०२२ मध्ये १.५८.१ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. गोने फेब्रुवारी २०२५ मधल्या १.२४ आवृत्तीत, ठरावीक डिरेक्टरीबाहेर जाऊच न देणारा ‘रूट’ हा प्रकार आणला.

डिस्कवर खरोखर पोहोचणे

लायब्ररीचा बफर रिकामा झाला तरी मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्मृतीत असतो. डिस्कवर तो काही सेकंदांनी जातो. तो तिथे पोहोचेपर्यंत थांबायचे असेल तर ‘एफसिंक’ लागते. २००९ मध्ये लिनक्सची एक्स्ट४ ही फाईल सिस्टिम रुळू लागली, तेव्हा यंत्र अचानक बंद पडल्यावर काही वापरकर्त्यांच्या फाईली शून्य लांबीच्या झाल्या. नवी फाईल लिहून तिने जुनी बदलणाऱ्या प्रोग्रॅमांनी ‘एफसिंक’ केलेले नव्हते आणि नवी फाईल सिस्टिम डिस्कवर जागा उशिरा ठरवत होती. एक्स्ट४ च्या विकसकांपैकी थिओडोर त्सो यांनी प्रोग्रॅमरांना योग्य क्रम समजावला आणि जुन्या प्रोग्रॅमांसाठी फाईल सिस्टिममध्ये तजवीजही केली.

२०१८ मध्ये पोस्टग्रेस-क्यूएल या डेटाबेसच्या लोकांना याहून गंभीर गोष्ट कळली. लिनक्सवर ‘एफसिंक’ एकदा अपयशी ठरले आणि पुन्हा केले, तर दुसऱ्यांदा यश कळू शकते, प्रत्यक्षात मजकूर हरवलेला असूनही. पुन्हा प्रयत्न करण्यावर विसंबलेल्या या डेटाबेसने फेब्रुवारी २०१९ पासून अशा वेळी स्वतःला थांबवून आपल्या रोजनिशीवरून सावरण्याचा मार्ग घेतला. मॅकओएसवर साधे ‘एफसिंक’ डिस्कच्या स्वतःच्या बफरपर्यंतच नेते; तबकडीवर उतरवायला वेगळी आज्ञा लागते. गो आणि रस्ट यांच्या लायब्ऱ्या तीच आज्ञा वापरतात. इथे लायब्ररीचे कर्तव्य एवढेच, की तिने ‘लिहिले’ आणि ‘टिकले’ हे दोन वेगळे शब्द ठेवावेत.

नाव आणि लिपी

फाईलमधला मजकूर आणि तिचे नाव या दोन्हींत लिपीचा प्रश्न येतो आणि मराठीला तो थेट भिडतो. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या इस्की संकेतात ‘मराठी’ या शब्दाला ५ बाइट लागत. केन थॉम्प्सन यांनीच रॉब पाइक यांच्यासह सप्टेंबर १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ मध्ये त्याच शब्दाला १५ बाइट लागतात. लिनक्सवर फाईलच्या नावाची मर्यादा बहुधा २५५ बाइट असते. म्हणजे देवनागरीत स्वरचिन्हे धरून ८५ चिन्हे. बाइट मोजून मजकूर मध्येच तोडला, तर तीन बाइटांच्या अक्षराचे तुकडे होतात.

संकेत सांगितला नसेल तर लायब्ररीने कोणता गृहीत धरावा? जावा आणि पायथन दोघांनीही दीर्घकाळ यंत्राच्या सेटिंगवर भिस्त ठेवली. इंग्रजी विंडोजवर ते सेटिंग पश्चिम युरोपीय संकेताचे असते; त्यात देवनागरीला जागाच नाही आणि मराठी ओळ लिहिताना पायथनचा प्रोग्रॅम मोडतो. जावाने २०२२ च्या १८ व्या आवृत्तीत यूटीएफ-८ हा सर्वत्र गृहीत धरला. पायथननेही ३.१५ आवृत्तीपासून तसेच करण्याचे त्याच वर्षी ठरवले.

नावांचा पेच आणखी खोल आहे. ‘वाऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि खालचा नुक्ता मिळूनही. ॲपलची एचएफएस प्लस ही फाईल सिस्टिम नावे सुटी करून साठवत असे. दिलेले नाव आणि परत मिळालेले नाव डोळ्यांना सारखे, पण बाइटांत वेगळे. लिनक्सवर ती दोन वेगळी नावे ठरतात. शिवाय युनिक्सवर नाव म्हणजे नुसते बाइट. ते वैध यूटीएफ-८ असेलच असे नाही. पायथनने ३.१ आवृत्तीत न समजलेले बाइट जपून परत देण्याची युक्ती योजली. रस्टने नावासाठी मजकुराहून वेगळा प्रकारच ठेवला. दोन्हींचा हेतू एकच : समजले नाही म्हणून कोणाची फाईल हरवू नये.

काय ठरले

या प्रवासातून काही नियम आता सर्वमान्य झाले आहेत. चूक कारणासह कळवावी. मिटणे कक्षेला बांधावे. तपासणी आणि कृती एकाच पावलात करावी. बाइट आणि अक्षरे यांची सरमिसळ करू नये. टिकण्याची हमी मागितल्यावर ती खरी असावी. काही न सांगता मिळणारे वर्तन सर्वांत सुरक्षित असावे, कारण बहुतेक प्रोग्रॅम त्यावरच चालतात. यांतला प्रत्येक नियम उशिरा आला आणि उशीर होण्याचे कारणही एकच आहे : स्टँडर्ड लायब्ररीने एकदा दिलेला शब्द सहजी मागे घेता येत नाही, कारण असंख्य प्रोग्रॅम त्यावर उभे असतात. जावाचा जुना फाईल-वर्ग नव्याच्या शेजारी आजही आहे, आणि ‘गेट्स’चा धोका जगाने पाहिल्यावरही ते सीच्या प्रमाणकातून जायला २३ वर्षे लागली.